बनगावचे देणे : बाबासाहेबांना घटना समितीत पाठवणाऱ्यांना आपण 'घुसखोर' म्हणणार आहोत का?

आपल्या नांदगाव तालुक्यात १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जी भाषणे होतात, त्यात एक वाक्य हमखास असते. "मुंबईने दारे बंद केली, तेव्हा बंगालने बाबासाहेबांना घटना समितीत पाठवले!" टाळ्या पडतात. मीही हे वाक्य कितीतरी वर्षे बोलत आलो आणि टाळ्या घेत आलो. यंदा मात्र हे वाक्य बोलताना माझी जीभ अडखळली. का अडखळली ते आधी सांगतो.

जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही पाच-सहा जण बाजारपेठेत फिरत होतो. सराफाच्या दुकानावरच्या माडीवर चार बंगाली कारागीर मांडी घालून बसले होते. सोन्याची बारीक तार ओढायचे काम चालले होते. पावती पुस्तकावर बाबासाहेबांचा फोटो दिसताच त्यातल्या एकाने काही न विचारता पन्नासची नोट काढून दिली. खाली उतरल्यावर आमच्यातलाच एक पोरगा म्हणाला, "भाऊ, ह्यांची वर्गणी कशाला घेतली? हे बांगलादेशी असतात. उद्या पोलीस आले तर आपलं नाव येईल."

मी पुन्हा माडी चढलो. त्या कारागिराला त्याचे गाव विचारले. तो म्हणाला, "बोनगाँ." म्हणजे बनगाव. मी म्हटले, "आमचं नांदगाव, तुमचं बनगाव." तो हसला. म्हणाला, आजोबा जेसोरचे, आम्ही नमःशूद्र. त्याच्या डोक्यावर भिंतीला हरिचाँद आणि गुरुचाँद ठाकूर यांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांची.

मित्रांनो, ज्या जेसोरच्या नावावर आपण टाळ्या घेतो, त्या जेसोरचा नातू आपल्या गावात, आपल्या जयंतीला वर्गणी देतो आणि आपलाच कार्यकर्ता त्याला 'बांगलादेशी' म्हणतो! ऋण ऋण म्हणून जे आपण सांगतो, ते आपल्याला मुळात ठाऊक तरी आहे का? हा लेख त्यासाठी आहे.

बनगाव कुठे आहे?

पश्चिम बंगालच्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात, इच्छामती नदीच्या काठी बनगाव आहे. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनातून लोकल गाडीने पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. शहरातून जाणाऱ्या रस्त्याचे नावच 'जेसोर रोड'. दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे वर्षांची शिरीषाची झाडे. त्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर गेले की पेट्रापोल येते. तिथे भारत संपतो. पलीकडे बेनापोल, आणि त्यापुढे जेसोर, जे आता बांगलादेशात आहे.

१९४७ पूर्वी बनगाव हा जेसोर जिल्ह्याचाच एक भाग होता. स्वातंत्र्याच्या कायद्यातल्या तात्पुरत्या फाळणीत सगळा जेसोर जिल्हा पूर्व पाकिस्तानच्या वाट्याला टाकलेला होता. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ला आपण इकडे झेंडे फडकवत होतो, तेव्हा बनगावच्या माणसाला आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नव्हते. रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. त्यात बनगाव आणि गायघाटा ही ठाणी जेसोरपासून तोडून भारतात आणली गेली. बाकीचा जेसोर तिकडे राहिला.

इथे आपल्या चळवळीतली एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. राग आला तरी चालेल. आपल्याकडे सर्रास सांगितले जाते की जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर हे जिल्हे हिंदुबहुल असूनही केवळ बाबासाहेबांना निवडून दिल्याची शिक्षा म्हणून पाकिस्तानला देऊन टाकले. व्हॉट्सॲपवर हे दर महिन्याला फिरते. पण १९४१ च्या जनगणनेत जेसोर, बारिसाल आणि फरीदपूर हे तिन्ही जिल्हे मुस्लिमबहुल होते. एकटा खुलना जिल्हा थोड्याशा फरकाने हिंदुबहुल होता आणि तो पाकिस्तानात गेला. उलट मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात आला, कारण कलकत्त्याच्या हुगळीला पाणी देणाऱ्या नदीचे मुख तिथे होते. आणि जेसोरची शिक्षाच करायची होती, तर त्याच जेसोरचा बनगाव भारतात का आणला?

दुसरी गोष्ट. बाबासाहेब 'जेसोर-खुलना मतदारसंघातून' जनतेच्या मतांनी निवडून आले, असेही आपण सांगतो. घटना समितीचे सभासद जनतेने थेट निवडले नव्हते. प्रांतिक कायदेमंडळाच्या आमदारांनी निवडले होते. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात धुव्वा उडाला होता, म्हणून मुंबईतून वाट नव्हती. बंगालात फेडरेशनचा एकच आमदार होता, बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल. त्यांनी बाबासाहेबांचे नाव पुढे केले. एका आमदाराच्या मतावर काही होत नसते. म्हणून मंडलांनी इतर पक्षांतल्या आणि अपक्ष दलित आमदारांना गाठले. नमःशूद्र आमदार आले, उत्तर बंगालचे राजवंशी आमदार आले. काँग्रेसचा दबाव झुगारून त्यांनी जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांना मते दिली आणि बाबासाहेब निवडून आले.

आता सांगा, कोणती गोष्ट मोठी? खोट्या शिक्षेची, की या खऱ्या धाडसाची? महाराष्ट्रातल्या एका महाराला बंगालच्या नमःशूद्रांनी आणि राजवंशींनी आपला माणूस मानले. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. त्यांनी त्याचा दाखला मागितला नाही. आपल्याला खोट्या कथेची गरज नाही. खोटी कथा एक दिवस विरोधक उघडी पाडतो आणि तिच्याबरोबर खरी कथाही बुडते.

मंडल कुठे गेले?

फाळणीनंतर बंगालमधली ती जागा गेली. बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेल्या मुंबईच्या जागेवर जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब पुन्हा घटना समितीत आले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण मंडलांचा पुढचा इतिहास किती जणांना माहीत आहे?

जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानात राहिले. दलित आणि मुसलमान शेतकऱ्याचे दुखणे एकच आहे, जमीनदार आणि सावकार दोघांचाही एकच आहे, असे त्यांचे गणित होते. पाकिस्तानच्या घटना सभेच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष तेच होते आणि त्या देशाचे पहिले कायदामंत्रीही तेच. एकाच वेळी दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य समाजातले होते, हे ध्यानात घ्या. पण १९५० च्या दंगलीत पूर्व बंगालात त्यांच्याच माणसांची घरे जळाली आणि सरकारने काही केले नाही. ८ ऑक्टोबर १९५० ला त्यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात आले. इथे त्यांना कोणी 'पाकिस्तानवाला' म्हटले, कोणी गद्दार म्हटले. ते निर्वासितांच्या छावण्यांतून फिरले, निवडणुका लढले, हरले. ५ ऑक्टोबर १९६८ ला त्यांचा मृत्यू झाला. कुठे झाला? बनगावला.

ज्याने बाबासाहेबांना घटना समितीचे दार उघडून दिले, त्याने सीमेवरच्या त्या गावात डोळे मिटले. आपल्या तालुक्यात ५ ऑक्टोबरला आजवर एकही हार, एकही मेणबत्ती नाही. मीही लावलेली नाही. हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायचा नाही.

ठाकूरनगरचा समाज

बनगावच्या अलीकडे, त्याच लोकलच्या मार्गावर ठाकूरनगर हे स्टेशन आहे. हरिचाँद ठाकूरांचे पणतू प्रमथरंजन ठाकूर यांनी फाळणीनंतर निर्वासितांसाठी ही वस्ती उभी केली. आज ते मतुआ समाजाचे केंद्र आहे. मतुआ म्हणजे कोण, हे समजून घ्यायला मराठी माणसाला फार वेळ लागू नये.

हरिचाँद ठाकूर १८१२ चे, फरीदपूरच्या ओराकांदी भागातले. ज्यांना 'चांडाल' म्हटले जात होते, त्या समाजात जन्मले. ब्राह्मणाची मध्यस्थी नको, तीर्थ नको, संसार सोडायला नको. हाताने काम करावे आणि नाम घ्यावे, असा त्यांचा मार्ग. आपल्या सावता माळ्याच्या मळ्यातून हा मार्ग फार लांब नाही. त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी त्या मार्गाला शाळेकडे वळवले. पोट मारा पण पोरांना शिकवा, हा त्यांचा हेका होता. ओराकांदीला त्यांनी शाळा काढली. 'चांडाल' हे नाव सरकारी कागदावरून पुसून १९११ च्या जनगणनेत 'नमःशूद्र' लिहून घेतले, त्यामागेही त्यांची धडपड होती.

१८७२-७३ मध्ये फरीदपूर-बारिसालच्या या समाजाने सवर्णांची कामे बंद केली. तुमची शेते कसणार नाही, तुमची घरे शाकारणार नाही, आमच्या बायका तुमच्या बाजारात येणार नाहीत, असा तो संप होता. त्याच १८७३ च्या सप्टेंबरात पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. इकडच्याला तिकडचे माहीत नव्हते. पण आग एकच होती.

चैत्राच्या सुमाराला ठाकूरनगरला बारुणीची जत्रा भरते. डंका, झांजा, लाल-पांढरी निशाणे घेऊन जथेच्या जथे येतात, 'हरिबोल'चा गजर होतो, कामनासागर नावाच्या तळ्यात आंघोळी होतात. त्यात बंगाल तर असतोच. अंदमान, ओडिशा, छत्तीसगड आणि आपल्या गडचिरोलीतूनही माणसे जातात. ज्यांना सरकारने देशभर फेकले, ती माणसे वर्षातून एकदा तिथे एकमेकांना बघतात. आपल्या चैत्यभूमीसारखेच आहे ते.

रोजचे जगणे वेगळे आहे. पहाटेच्या बनगाव लोकलने बायका कोलकात्यात धुणीभांडी करायला जातात. ठाकूरनगरच्या बाजारातून फुलांचे हारे शहरात जातात. फाळणीबरोबर जेसोरमधून आलेला कंगव्यांचा धंदा बनगावात कसाबसा टिकला. पोरे सोन्याच्या कामाला, बांधकामाला, हॉटेलात भांडी घासायला मुंबई, सुरत, बंगलोर गाठतात. त्यातलाच एक आपल्या माडीवर तार ओढत बसला आहे.

कांदा जातो, माणूस अडतो

आता नांदगावकरांना कळेल असा हिशोब सांगतो. आपल्या जिल्ह्याचा कांदा बांगलादेशात जातो, तो ज्या नाक्यांवरून जातो त्यात पेट्रापोल मुख्य आहे. भारत-बांगलादेश यांच्यातल्या जमिनीवरच्या व्यापाराचा मोठा वाटा या एकाच नाक्यातून जातो. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने अचानक कांदा निर्यात बंद केली, तेव्हा कांद्याने भरलेले ट्रक पेट्रापोलला अडकून पडले, कांदा सडला, आणि इकडे बाजार समितीत भाव पडले. म्हणजे बनगावच्या नाक्यावर काय होते, त्यावर आपल्या तालुक्यातल्या कांद्याच्या गोणीचा भाव ठरतो. गोणी भरणाऱ्या आपल्या मजूर बायकांची मजुरी ठरते.

आपला कांदा बनगावला चालतो, पण बनगावचा माणूस नांदगावला चालत नाही. हा कोणता न्याय?

कागदाचा फास

बनगावच्या माणसाला 'तू कोण' हा प्रश्न किती वेळा विचारला गेला ते मोजा.

फाळणीनंतर पैसेवाले, नोकरीवाले सवर्ण लवकर निघून आले. कोलकात्यात त्यांचे नातेवाईक होते, ओळखी होत्या. नमःशूद्र शेतकऱ्याजवळ जमिनीचा तुकडा आणि बैल. तो सोडून यायला त्याला उशीर झाला. तो १९५० ला आला, १९६४ ला आला, १९७१ ला आला. उशिरा आलेल्याला बंगालात जागा नाही म्हणून छावण्यांत ठेवले आणि मग १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात जंगलात पाठवले. तिथून वैतागून हजारो लोक १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती जाळून माणसे हाकलली. गरिबांचे राज्य म्हणवणाऱ्या सरकारने हे केले. मेलेल्यांचा नेमका आकडा आजही वादात आहे.

पुढे २००३ ची नागरिकत्व दुरुस्ती आली. त्यात कागदाशिवाय आलेला तो 'बेकायदा स्थलांतरित' ठरला आणि त्याच्या पोरांच्या नागरिकत्वालाही फास लागला. मग २०१९ चा कायदा आला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. नागरिकत्व देतो म्हणाले. पण त्यासाठी आधी स्वतः लिहून द्यायचे की मी बांगलादेशातून आलो. चाळीस वर्षे मत देणाऱ्या म्हाताऱ्याने आधी स्वतःला परका म्हणायचे, मग सरकार त्याला आपला म्हणणार! आणि २०२५ च्या अखेरीस मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. २००२ च्या यादीत तुझे किंवा तुझ्या आईबापांचे नाव दाखव. छावण्यांतून छावण्यांत फिरलेल्या माणसाने ते कुठून दाखवायचे?

आणि नेते? बनगावची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ठाकूर घराण्याची एक फांदी तृणमूलमध्ये, दुसरी भाजपमध्ये. २०१९ मध्ये एकाच घरातले दोघे एकमेकांविरुद्ध लढले. शंतनू ठाकूर जिंकले, पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. समाजाची मते दोन ताटांत वाटली गेली आणि कागदाचा फास तसाच राहिला. हसू नका. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजायला आपल्या हाताची बोटे पुरत नाहीत.

आता महाराष्ट्रात या

कोणी म्हणेल, बंगालचे बंगालला, आपण काय करणार? करायचे सगळे इथेच आहे.

दंडकारण्याच्या काळात केंद्र सरकारने जी नमःशूद्र कुटुंबे जंगलात पाठवली, त्यातली कितीतरी आपल्या महाराष्ट्रात वसवली. गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, गोंदियाच्या अर्जुनी मोरगावात त्यांची गावे आहेत. तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, मराठीत परीक्षा देते. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि त्यात नमःशूद्र नाही. हीच जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, ओडिशात आहे. त्याच निर्वासितांपैकी ज्याला ओडिशाच्या मलकानगिरीत जमीन मिळाली त्याचा नातू अनुसूचित जातीचा, आणि ज्याला महाराष्ट्रात मिळाली त्याचा नातू 'खुल्या' वर्गातला! ट्रक कोणत्या बाजूला वळला, यावर जात ठरली.

कायदा सांगेल की यादी राज्यवार असते. एका राज्यातली जात दुसऱ्या राज्यात गेली की सवलत मिळत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये म्हटले आहे. पण ही माणसे नोकरीसाठी स्वतःहून आली नव्हती. केंद्र सरकारने त्यांना इथे आणून टाकले. ज्याने आणले त्यानेच यादीत घालावे. कलम ३४१ प्रमाणे ते संसदेच्या हातात आहे.

यावर आपल्यातलाच एक आक्षेप येतो आणि तो मी लपवणार नाही. "आपल्या १३ टक्क्यांत आणखी वाटेकरी कशाला?" मित्रांनो, १९५६ ला आपण धम्मदीक्षा घेतली तेव्हा केंद्राने आपल्याला यादीबाहेर काढले. राज्याने नंतर सवलती दिल्या, पण केंद्रात आपल्याला १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, दारात उभे राहावे लागले. तेव्हाही आत बसलेले कोणीतरी म्हणत होते, "आणखी वाटेकरी कशाला?" तेच वाक्य आज आपल्या तोंडी यावे? वाटेकरी वाढले तर वाटा लोकसंख्येप्रमाणे वाढवून मागा. भांडायचे ते राज्यकर्त्याशी. रांगेत आपल्या मागे उभा असलेल्याशी नाही.

एक अट मात्र पाळली पाहिजे. गडचिरोलीची जमीन गोंड-माडियांची आहे. निर्वासितांना ती देताना सरकारने आदिवासींना विचारले नव्हते. म्हणून नमःशूद्रांचा न्याय आदिवासींच्या जमिनीतून, त्यांच्या वनहक्कातून, त्यांच्या राखीव जागांतून कापून घ्यायचा नाही. दोन दुबळ्यांना एकमेकांवर सोडून राज्यकर्ता बाजूला उभा राहतो, हा खेळ आपण ओळखतो.

'बांगलादेशी' म्हणजे उद्या कोण?

शेवटचा मुद्दा आणि सर्वात महत्त्वाचा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच आहेत हे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. ते मजूर मुसलमान होते. म्हणून आपल्यातले काही गप्प बसले. पण बोली ऐकून पकडणारा हरिबोल आणि सलाम यांत फार वेळ फरक करत नाही. आणि करत असला, तरी निरपराध मजुराला देशाबाहेर ढकलणे हे कोणाच्याही बाबतीत संविधानाविरुद्धच आहे. बाबासाहेबांचे संविधान कलम २१ मध्ये 'व्यक्ती' म्हणते. तिथे धर्माचा रकाना नाही.

आपल्या शेजारच्या मालेगावात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी करायला जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक बसले. खोटे दाखले काढले असतील तर कारवाई होऊ द्या. पण घरी जाऊन आपल्या आजीचा जन्मदाखला शोधा. आईचा शोधा. ऊसतोडीला गेलेल्या बाईने उसाच्या फडात जन्म दिलेल्या पोराचा शोधा. पारध्याच्या पालावर शोधा. दाखला उशिरा काढणे हा ज्या देशात गुन्ह्याचा वास ठरतो, त्या देशात सर्वात आधी आपणच संशयित आहोत. आज बंगालीच्या दारावर थाप आहे म्हणून आपण दार लावून बसलो, तर उद्या आपल्या दारावर थाप पडेल तेव्हा साक्षीला कोण येईल?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेब याच तालुक्यात, मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेला आले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, असे त्यांनी तिथे सांगितले. बंगाली मजूर हा तिसरा शत्रू, असे त्यांनी सांगितल्याचे मी कुठे वाचलेले नाही. ज्या रुळांवर ते कामगार राबत होते, त्याच रुळांवरून आजही हावड्याच्या गाड्या आपल्या तालुक्यातून जातात आणि त्याच गाड्यांच्या जनरल डब्यात बनगावची पोरे येतात.

तेव्हा नुसत्या टाळ्या पुरे. नांदगावच्या कार्यकर्त्यांपुढे मी चार कामे ठेवतो.

एक. ५ ऑक्टोबरला जोगेंद्रनाथ मंडल यांचा स्मृतिदिन आपल्या बुद्धविहारात घ्यायचा. त्या दिवशी १९४६ ची खरी हकीकत सांगायची, व्हॉट्सॲपवरची नाही.

दोन. तालुक्यात जिथे जिथे बंगाली कारागीर, मजूर आहेत तिथे जाऊन ओळख करायची. त्यांच्या कागदांच्या प्रती काढून ठेवायला, वकिलाचा नंबर द्यायला मदत करायची. कोणाला उचलले तर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या आदेशाने, हे पोलीस ठाण्यात जाऊन लेखी विचारायचे. हिंदू की मुसलमान हे न विचारता.

तीन. गडचिरोली-गोंदियातल्या नमःशूद्रांना अनुसूचित जातीत घेण्याचा ठराव आपल्या शाखांनी करायचा आणि नाशिक जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना निवेदन द्यायचे. आपल्या मागण्यांच्या यादीत ही मागणी आजवर नाही, ती घालायची.

चार. येत्या जयंतीच्या व्यासपीठावर त्या माडीवरच्या कारागिराला बसवायचे. पाहुणा म्हणून नव्हे, देणेकऱ्याच्या घरी सावकार येतो तसे. कारण देणेकरी आपण आहोत.

त्या दिवशी ज्या पोराने 'बांगलादेशी' म्हटले होते, त्याला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, पावतीवर त्यांचं नाव मी नीट लिहिलं नव्हतं. नुसतं 'बंगाली' लिहिलंय." मी त्याला पावती पुस्तक दिले आणि म्हटले, जा, वर जा, नाव विचार आणि दुसरी पावती फाड.

तो गेला. आपणही जायचे आहे.

जयभीम. जय संविधान.